आधी विहीर उपसा, मग दान करा!

विहिरीवरून पाणी आणणारी बाई घागर घरात नेण्यापूर्वी एकदा तरी तिच्यात डोकावून पाहते. पाणी गढूळ आहे का, त्यात काडीकचरा आला आहे का, हे तिला एका नजरेत कळते. नायजेरियातील ओगाले या गावातल्या बायकाही तशाच डोकावत असणार. पण त्यांच्या पाण्यातले संकट गाळून दूर होण्यासारखे नव्हते. २०११ च्या ऑगस्ट महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्या परिसराचा अहवाल प्रसिद्ध केला. तेथील विहिरींच्या पाण्यात बेन्झीन हे कर्करोगाला कारण होणारे रसायन सापडले होते आणि त्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या नऊशे पटींहून अधिक होते. जवळच जमिनीखालच्या पाण्यावर तेलाचा आठ सेंटिमीटर जाडीचा थर तरंगत होता. आठ सेंटिमीटर म्हणजे हाताची चार बोटे आडवी धरली की होतात तेवढे! आणि या अहवालातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य आकड्यांचे नाहीच. गावकऱ्यांना पाणी दूषित असल्याचे ठाऊक होते, तरीही ते तेच पाणी पीत होते, त्यातच अन्न शिजवत होते, कारण दुसरे पाणी नव्हते.

हे वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या प्रदेशात हे गाव आहे, त्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेल कंपन्यांनी शाळा बांधल्या, दवाखाने उघडले, शिष्यवृत्त्या दिल्या. गुळगुळीत कागदावर छापलेल्या वार्षिक अहवालांतून त्यांची हसऱ्या मुलांसह छायाचित्रेही झळकली. याला कंपन्या ‘सामाजिक बांधिलकी’ म्हणतात. मग एकीकडे बांधिलकी आणि दुसरीकडे पाण्यात बेन्झीन, या दोन गोष्टी एकाच मुलुखात, एकाच काळात कशा नांदल्या? याचे उत्तर शोधू गेले की कंपन्यांच्या दानशूरपणाविषयी आपल्या मनात असलेल्या बऱ्याच भाबड्या कल्पना गळून पडतात.

थोडा इतिहास पाहू. १९५६ साली शेल आणि बीपी या कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमाला ओलोइबिरी या खेड्यात व्यापारी प्रमाणावर तेल लागले. १९५८ मध्ये पहिले तेल परदेशी रवाना झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, नायजेरिया ब्रिटिशांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. म्हणजे स्वातंत्र्य येण्यापूर्वीच तेलाच्या वाहिन्या जमिनीत पडल्या होत्या! हा प्रदेश कोकणच्या माणसाला परका वाटू नये असा. खाड्यांचे जाळे, भरती-ओहोटीच्या तालावर चालणारे जीवन, दाट खारफुटी, तिच्या मुळांशी वाढणारे खेकडे आणि कालवे, आणि होड्यांतून जाळी टाकणारी माणसे. थोड्या उंच जमिनीवर कसाव्याची शेते; ज्या कंदापासून आपल्या उपासाचा साबुदाणा होतो, तोच हा कसावा. खाडीतले मासे आणि शेतातला कंद, या दोन गोष्टींवर येथील घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. खारफुटीच्या चिखलात तेल शिरले तर या दोन्ही गोष्टी एकदमच जातात, कारण भरतीचे पाणी ते तेल दररोज दोनदा आत ढकलते आणि ओहोटी ते पसरवून ठेवते.

तेलाबरोबर वायूही वर येतो. तो साठवून वापरायचा, तर यंत्रणेला खर्च येतो. जाळून टाकायचा, तर नुसती एक नळी पुरते. म्हणून तो जाळला जाऊ लागला. काही गावांनी वर्षानुवर्षे काळोखी रात्र पाहिलीच नाही. नायजेरियाने १९७९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९८४ पासून मंत्र्यांच्या परवानगीशिवाय वायू जाळण्यास बंदी घातली. पण ‘परवानगीशिवाय’ या एका शब्दातून सारी ज्योत बाहेर पडली. मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या आणि आज चार दशकांनंतरही ती नायजेरियात विझलेली नाही.

याच मुलुखात ओगोनी नावाचा समाज राहतो. जेमतेम हजार चौरस किलोमीटरची भूमी आणि १९९० च्या सुमारास पाचएक लाखांची वस्ती. तेल त्यांच्या जमिनीतून निघाले. पण वीज, नळ, पक्के रस्ते यांचा लाभ त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. त्यांची बाजू मांडायला उभा राहिला तो कोणी व्यवसायाने पुढारी नव्हता. तो लेखक होता. केन सारो-विवा हे त्याचे नाव. कादंबऱ्या लिहिणारा, आणि ‘बासी अँड कंपनी’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेमुळे नायजेरियाच्या घराघरांत पोहोचलेला माणूस. १९९० मध्ये ओगोनींनी आपल्या हक्कांची सनद जाहीर केली आणि ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख माणसे शांततेने रस्त्यावर उतरली. पाच लाखांतले तीन लाख! घरी उरली असतील ती म्हातारीकोतारी आणि पाळण्यातली पोरे. त्याच वर्षी शेलने ओगोनी भागातले तेल काढणे थांबवले. मात्र इतर ठिकाणचे तेल वाहून नेणारी वाहिनी त्या भूमीतून जातच राहिली.

पुढची हकिकत जगाला ठाऊक आहे. मे १९९४ मध्ये चार ओगोनी पुढाऱ्यांचा जमावाने खून केला. त्याला चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली जनरल सानी अबाचाच्या लष्करी राजवटीने सारो-विवांना पकडले. खास नेमलेल्या न्यायासनापुढे खटला चालला. त्यावर वरच्या न्यायालयात अपिलाची सोय नव्हती. १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी देण्यात आली. त्याच वेळी राष्ट्रकुलातील देशांचे प्रमुख न्यूझीलंडमध्ये परिषदेसाठी जमले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले. या फाशीत आपला काडीचाही हात नव्हता, असे शेल तेव्हापासून सांगत आली आहे. मृतांच्या नातलगांनी अमेरिकेत भरलेला दावा २००९ च्या जूनमध्ये एक कोटी पंचावन्न लाख डॉलर देऊन मिटवण्यात आला. कंपनीने कोणतीही जबाबदारी मात्र कबूल केली नाही.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. तेल कंपन्यांच्या ‘सामाजिक बांधिलकी’ची भाषा आज जी सर्वत्र ऐकू येते, तिचा मोठा जन्मकाळ नेमका हाच आहे. जगभरातून टीकेची झोड उठल्यावर शेलने १९९७ मध्ये आपली व्यवसायविषयक तत्त्वे नव्याने लिहिली आणि त्यांत मानवी हक्क व चिरंतन विकास यांचा समावेश केला. १९९८ पासून कंपनी ताळेबंदाबरोबरच आपल्या सामाजिक कामगिरीचाही अहवाल छापू लागली. इतर कंपन्यांनी पाठोपाठ तेच केले. हे सारे ढोंगच होते, असे मी म्हणणार नाही. कंपन्यांतही भली माणसे असतात, आणि लिहून ठेवलेले वचन पुढे न्यायालयात उपयोगी पडते. पण बांधिलकी ज्या घटकेला जन्मली ती घटका लक्षात ठेवायला हवी. ती नफा मिळाल्याच्या आनंदातून आली नाही. नाव खराब झाल्याच्या धसक्यातून आली. आणि धसक्यातून आलेल्या दानाची नजर घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे अधिक असते.

त्याचा परिणाम जो व्हायचा तो झाला. २००१ साली शेलसाठीच झालेल्या एका स्वतंत्र पाहणीत तिच्या नायजेरियातील विकासकामांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी कामे पूर्णपणे यशस्वी ठरली होती. याचे नवल वाटायला नको. तेल काढणे हे ज्यांचे काम, त्यांना शाळा चालवणे कसे जमणार? इमारत बांधता येते. पण शिक्षक नेमणे, औषधांचा साठा संपला की पुन्हा भरणे, पंप बिघडला की दुरुस्त करणे, ही वर्षानुवर्षांची कामे आहेत. ती सरकारची असतात, नाहीतर गावाची. कंपनीच्या स्थानिक अधिकाऱ्याची चिंता वेगळी असते. येत्या काही महिन्यांत या गावाजवळून नवी वाहिनी टाकायची आहे, तेवढे दिवस गाव शांत राहिले पाहिजे! मग ज्या गावातून वाहिनी जाते त्याला सभागृह मिळते, शेजारच्या गावाला काहीच नाही. आणि कालपर्यंत एका खाडीत मासे मारणारी दोन गावे एकमेकांच्या उरावर बसतात. आवळा देऊन कोहळा काढावा, तसला हा प्रकार.

या दानाचा सर्वांत केविलवाणा दाखला बोडो या गावाचा आहे. ओगोनी भागातील खाडीकाठच्या या गावाजवळ ऑगस्ट २००८ मध्ये शेलच्या उपकंपनीची वाहिनी फुटली. गळती थांबायला नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरात वाहिनी पुन्हा फुटली, ती बंद व्हायला फेब्रुवारी लागला. कंपनीच्या पहिल्या हिशेबाप्रमाणे पहिल्या गळतीत सांडलेले तेल १,६४० बॅरल. पुढे खटल्याच्या ओघात तिला हा आकडा कमी असल्याचे मान्य करावे लागले. खाडीतले मासे गेले, खेकडे गेले, खारफुटी वठून उभी राहिली. आणि मे २००९ मध्ये कंपनीने या गावासाठी मदत देऊ केली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने तिची नोंद करून ठेवली आहे : तांदळाची ५० पोती, कडधान्याची ५० पोती, साखरेची ५० खोकी, टोमॅटोची ५० खोकी, शेंगदाण्याच्या तेलाचे ५० डबे... गावाची वस्ती सुमारे ६९,०००! आपल्याकडे लग्नघरीसुद्धा याहून अधिक काळजीपूर्वक शिधा मोजतात.

वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. ही पोती जर दूरच्या कोणा उद्योगपतीने पाठवली असती, तर आपण त्याला दान म्हटले असते आणि ते दान थोडे असले तरी त्याचे आभार मानले असते. पण ज्याच्या वाहिनीतून खाडीत तेल गेले, त्याने तीच पोती पाठवली की त्यांचा अर्थ बदलतो. ते दान उरत नाही. ते देणे होते, आणि तेही अर्धेमुर्धे फेडलेले. माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ इथे आहे. देणे आणि दान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. किती, कधी, कोणाला, हे तोच ठरवतो. देण्याचा आकडा मात्र झालेल्या नुकसानीवरून ठरतो आणि ते मागण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो. तेल कंपन्यांच्या सामाजिक बांधिलकीने गेल्या तीस वर्षांत केलेली मोठी किमया कोणती असेल, तर ती देण्याच्या जागी दान ठेवून दाखवण्याची!

बोडोच्या लोकांनी मग लंडनच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने साडेपाच कोटी पौंड देण्याचे मान्य केले. साडेतीन कोटी १५,६०० दावेदारांना आणि दोन कोटी गावाला. म्हणजे दर माणशी सुमारे २,२०० पौंड. पोत्यांपासून पौंडांपर्यंतचा हा प्रवास दानाचा नव्हता, हक्काचा होता. आणि तो कंपनीच्या समाजकल्याण विभागामुळे झाला नाही, कोर्टकचेरीमुळे झाला.

आता दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे की, बहुतेक तेल आमच्या चुकीने सांडत नाही. तेलचोर वाहिन्यांना भोके पाडतात, खाडीत चोरून तेल शुद्ध करतात आणि त्यातून प्रदूषण होते. हे खोटे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातही या बेकायदा भट्ट्यांनी खारफुटीची केलेली नासाडी नोंदलेली आहे. दुसरे म्हणजे, नायजेरियाच्या राज्यकर्त्यांनी तेलाच्या पैशाचे काय केले हे सर्वांना माहीत आहे. अबाचा १९९८ मध्ये मेला. त्याने परदेशी बँकांत दडवलेला पैसा त्यानंतर वीस वर्षे उलटून गेली तरी हप्त्याहप्त्याने परत येत होता. आणि ओगालेच्या ज्या पाण्यापासून मी सुरुवात केली, तिथे जवळून जाणारी तेलवाहिनी शेलची नव्हे, नायजेरियाच्या सरकारी तेल कंपनीची होती, हेही सांगितले पाहिजे. परदेशी कंपनी तेवढी राक्षस आणि देशी सरकार तेवढे देव, अशी ही कथा नाही.

पण या बचावालाच थोडे खरवडून पाहा. वर्षानुवर्षे ज्या संयुक्त उपक्रमामार्फत शेल जमिनीवरचे तेल काढत होती, त्यात तिचा वाटा ३० टक्के होता आणि ५५ टक्के सरकारी कंपनीचा. उरलेला इतर दोन परदेशी कंपन्यांचा. म्हणजे सफाईवर शंभर रुपये खर्च झाले, तर त्यातले पंचावन्न सरकारच्या खिशातून जाणार. मग सरकार सफाईचा आग्रह कशाला धरील? गळतीची चौकशी करणारे सरकारी खाते २००६ मध्ये स्थापन झाले. पण आडवळणाच्या खाडीत पोहोचायला त्याच्याजवळ धड साधने नसत आणि त्यासाठी ते तेल कंपन्यांवरच अवलंबून असे. पंचनामा करायला आलेला अंमलदार आरोपीच्या गाडीतून उतरावा, तसे हे! त्यातून गळती ‘घातपाताची’ ठरली, की नायजेरियन कायद्याप्रमाणे भरपाईची जबाबदारीच उरत नाही. तेव्हा पंचनाम्यातल्या एका शब्दावर गावाचे नशीब ठरते. आणि सफाई झाल्याचे सांगितले जाते, तिथे तरी काय? संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने सफाई पूर्ण झाल्याचा कंपनीचा दावा असलेल्या १५ जागा तपासल्या. त्यांपैकी १० जागी प्रदूषण कंपनीने स्वतःच ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. चोरांनी भोके पाडली हे मान्य. पण जी जागा ‘साफ केली’ म्हणून कागदावर लिहिली, ती कोणत्या चोराने घाण केली?

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. लुटून आणलेल्या धनावर घरची सारी माणसे जेवत होती. पण माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का, असे त्याने विचारताच सगळ्यांनी नाही म्हटले. बहुराष्ट्रीय कंपनीचे घर थेट तसेच असते. नायजेरियातील उपकंपनी तेल काढते आणि नफा मूळ कंपनीकडे, तिच्या भागधारकांकडे पोहोचतो. तेल सांडले की मात्र मूळ कंपनी म्हणते, ती उपकंपनी स्वतंत्र आहे, तिचे काय ते तिला विचारा. भोपाळच्या वेळी आपण हाच युक्तिवाद ऐकला होता. हे उत्तर आता न्यायालयांत पूर्वीइतके सहज खपत नाही. चार नायजेरियन शेतकरी-मच्छीमारांनी आणि एका डच संस्थेने २००८ मध्ये हेगला दावा लावला. १३ वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, अपील न्यायालयाने गोई आणि ओरुमा येथील गळत्यांच्या भरपाईसाठी उपकंपनीला जबाबदार धरले. घातपात झाल्याचे पुरेसे सिद्ध झाले नाही, असे सांगितले. आणि ओरुमाच्या वाहिनीवर गळती ओळखणारी यंत्रणा बसवण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही टाकली. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओगाले आणि बिले येथील लोकांचा दावा इंग्लंडमध्ये मूळ कंपनीविरुद्ध चालू शकतो, असा निर्वाळा दिला. मात्र हेगचा निकाल ऐकायला मूळ फिर्यादींपैकी काही जण हयात नव्हते. न्याय उशिरा आला तर तो बहुधा मुलांच्या हातात पडतो.

आणि आता या नाटकाचा नवा अंक सुरू झाला आहे. मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातील जमिनीवरचा आपला तेलव्यवसाय करणारी उपकंपनी ‘रेनेसान्स’ नावाच्या, प्रामुख्याने नायजेरियन कंपन्यांच्या गटाला विकून टाकली. हा सौदा २.४ अब्ज डॉलरपर्यंतचा. खोल समुद्रातले तेल आणि वायू मात्र तिने स्वतःकडे ठेवले आहेत. इतर मोठ्या परदेशी कंपन्यांनीही जमिनीवरचा गाशा असाच गुंडाळला. देशी माणसांच्या हाती व्यवसाय आला, ही आनंदाची गोष्ट म्हणायला हवी. पण घर विकताना जुनी घरपट्टी कोणी भरायची हे आपण साध्या खरेदीखतातही लिहून घेतो. इथे सत्तर वर्षांच्या तेलकट चिखलाची घरपट्टी कोणाच्या नावावर? ओगोनी भूमी पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील आणि आरंभीच्या कामांसाठी एक अब्ज डॉलरचा निधी हवा, असे संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये सांगितले होते. सफाईचे उद्घाटन झाले २०१६ मध्ये आणि कंत्राटदार प्रत्यक्ष जागेवर पोहोचायला २०१९ उजाडले. तेवढ्यात एक पिढी शाळा संपवून बाहेर पडली.

नायजेरियानेही मधल्या काळात कायदा केला. २०२१ च्या कायद्यानुसार तेल कंपन्यांनी आपल्या वार्षिक चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम स्थानिक लोकांच्या विकासनिधीत टाकायची आहे. पण त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, त्या भागात वाहिनीची मोडतोड झाली तर दुरुस्तीचा खर्च या निधीतून वळता करायचा. म्हणजे कोणी अनोळखी टोळी रात्री वाहिनी फोडून जाईल आणि गावच्या दवाखान्याचे पैसे जातील. दान आणि देणे यांची गल्लत एकदा झाली की कायदासुद्धा कसा वाकडा होतो, त्याचा हा नमुना.

हे सारे आफ्रिकेतले. आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्याला दोन कारणांनी त्याचे काहीतरी आहे. एक म्हणजे, गेल्या दशकात बरीच वर्षे नायजेरियाच्या तेलाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत भारताचा समावेश होता. पंपावर गाडीची टाकी भरताना तेल कुठल्या खाडीतून आले ते आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. वाल्याच्या घरचे जेवण आपल्याही ताटात थोडे पडले आहे. दुसरे कारण अधिक जवळचे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार आपल्याकडे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. या पैशातून चांगली कामे झाली आहेत आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही.

माझी भीती वेगळी आहे. एका तालुक्याच्या गावी मी शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या उद्घाटनाला गेलो होतो. एका कंपनीने ते बांधून दिले होते. हार झाले, फीत कापली, फलकाबरोबर छायाचित्रे निघाली. नंतर मी हात धुवायला गेलो, तर नळाला पाणी नव्हते. शिपाई म्हणाला, “बोअरचं पाणी वापरायला नको म्हणतात साहेब, वास येतो.” वास कशाचा, हे कोणी तपासले नव्हते. तो कारखान्याचा होता असे मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण त्या दिवशी भाषण केलेल्या आठ जणांपैकी एकालाही तो प्रश्न विचारावासा वाटला नाही, हे मी पाहिले. मीही विचारला नाही. समारंभाचा विरस कशाला करा! दान स्वीकारताना माणसाची जीभ जड होते, आणि दानाचा तोच मोठा धोका आहे.

कंपनीची सामाजिक जबाबदारी दोन टक्क्यांत नाही. ती उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत आहे. नफ्यातून किती वाटला, हा नंतरचा प्रश्न. नफा मिळवला कसा, वाहिनी जुनी झाल्यावर बदलली का, सांडलेले उचलले का, आणि जाताना जमीन जशी घेतली तशी परत केली का, हे आधीचे प्रश्न. एखाद्या कंपनीने एकही शाळा बांधली नाही, पण एकही विहीर नासवली नाही, तर मी तिला जबाबदार म्हणेन. शंभर शाळा बांधून एक खाडी मारणाऱ्या कंपनीला म्हणणार नाही.

ही गोष्ट व्यवहारातही आणता येते. खोदकाम सुरू करण्यापूर्वीच सफाईची रक्कम कंपनीच्या हाताबाहेरच्या खात्यात ठेवायला लावता येते. गळतीचा पंचनामा गळती करणाऱ्याच्या वाहनातून न येणाऱ्या माणसाकडून करवता येतो. कंपनी विकली तरी जुने देणे विकले जाणार नाही, असे कायद्यात लिहिता येते. यात क्रांतिकारक काही नाही. किराणा दुकानदाराशी आपण याच चोख हिशेबाने वागतो.

१२ जून २०२५ रोजी नायजेरियाच्या अध्यक्षांनी सारो-विवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मरणोत्तर माफी दिली. राष्ट्रीय सन्मानही दिले. ती बातमी वाचून मला आनंद होण्याऐवजी चमत्कारिक वाटले. माफी गुन्हेगाराला देतात. ‘ते निर्दोष होते’ असे म्हणण्याची सरकारची अजून तयारी नाही. ‘आम्ही उदार मनाने क्षमा करतो’ एवढेच ते म्हणते. म्हणजे इथेही देण्याच्या जागी दानच! ज्यांना न्याय हवा होता त्यांना कृपा मिळाली. ज्यांना स्वच्छ खाडी हवी होती त्यांना तांदळाची पोती मिळाली. त्या भूमीवर सन्मान, शाळा, दवाखाने, जे काय यायचे ते येवो. पण घागरीत डोकावणाऱ्या बाईला विचाराल, तर ती पहिली गोष्ट एकच मागेल. आधी विहीर उपसा.